वाऱ्याचा आवाज घेतला होता

पारूबाई ही माझी आत्तेबहीण. वयानं मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणतो. ती मला आण्णा म्हणते, कारण सगळेच म्हणतात. आक्काबद्दल पहिली गोष्ट सांगायची तर ती बोलते. जत तालुक्याच्या टोकाला, कानडी मुलखाला चिकटून तिची वस्ती आहे. तिथं दिवसभर बोलायचं म्हटलं तर शेळ्यांशी बोलावं लागतं, आणि ती बोलते. एसटीत बसली की शेजारणीचं ठिकाण येईपर्यंत तिच्या माहेरची सगळी माहिती आक्काकडं जमा झालेली असते. अर्धं मराठीत, अर्धं कानडीत, दोन्हींत अडलं तर हातवाऱ्यांनी. तिचा नवरा जिवंत होता तेव्हा म्हणायचा, "हिला गप करायचं औषीद मिरजंत बी मिळालं न्हाई." मिरजेत म्हणजे जिथं गल्लोगल्ली दवाखाने आहेत तिथं.

असल्या बाईला एका सिनेमात मुख्य काम मिळालं, आणि त्या सिनेमात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. सिनेमाला परदेशात बक्षीस मिळालं. पेपरांत फोटो आले. मला त्या फोटोंचा अजून राग येतो, आणि हे लिहिताना तो लपवायचा माझा विचार नाही.

माझा मिरजेत फोटो स्टुडिओ आहे. धंदा मुख्यतः लग्नाच्या शूटिंगचा. या धंद्यात 'जरा कमी करा' असं आजवर मला कुणी म्हटलेलं नाही. ड्रोन पाहिजे, धूर पाहिजे, नवरी हळूहळू चालत येताना पाहिजे, मागं गाणं पाहिजे, आणि एवढं करून नवरदेवाच्या मामाचं तोंड राहिलं तर तो मामा मेल्याशिवाय त्या घरी आपल्याला दुसरं काम मिळत नाही. असल्या भडिमारात आयुष्य काढलेल्या माणसाला शांत सिनेमा म्हणजे उन्हातून आल्यावर माठातलं पाणी. सांगलीच्या फिल्म क्लबचा मी जुना सभासद. रविवारी सकाळी तिथं असे सिनेमे दाखवतात, की एक म्हातारा विहिरीवरून पाणी आणतो आणि त्याची घागर घरात टेकेपर्यंत आपण बघत बसतो. माझी बायको म्हणते, "दुसऱ्याचं पाणी भरल्यालं बघायला सांगलीपतोर जाताय, घरचं भरा की." पण मला ते आवडतं. माणसाकडं इतका वेळ बघितलं की त्याची पाठसुद्धा ओळखीची वाटायला लागते. तेव्हा संथ सिनेमाला नावं ठेवायला बसलेला मी कुणी अडाणी आहे, असं वाचणाऱ्यानं समजू नये.

आक्काच्या रडण्याबद्दल मात्र आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं मयत झालं की बायका हेल काढून रडतात. ते नुसतं रडणं नसतं. मेलेल्याच्या उशाशी बसायचं, त्याला हाक मारायची, आणि त्यानं काय केलं, काय खाल्लं, कुणाला काय दिलं, काय करायचं राहिलं ते सगळं सुरात त्यालाच सांगायचं. ऐकणाऱ्यांना त्यातून तो माणूस कळतो. आमच्यातली शिकलेली पोरं म्हणतात, कशाला हा आरडाओरडा, बुद्धवंदना घ्या आणि शांत बसा. वंदना होतेच. पण तिच्या आधी बायकांचं रडणं होतं, आणि त्यात आक्काचा हात धरणारी पंचक्रोशीत कुणी नव्हती. आमच्या एका चुलत्याला सगळे चेंगट म्हणायचे. तो दर दिवाळीला शेजारच्या वाडीतल्या एका निराधार म्हातारीला तेल नेऊन द्यायचा, हे आम्हाला तो मेल्यावर आक्काच्या रडण्यातून कळलं. खांदा द्यायला आलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली होती.

या रडण्याचा एक नियम आहे. रडणारीनं आपणहून थांबायचं नसतं. दुसरी कुणीतरी बाई, जाऊ म्हणा, नणंद म्हणा, मागून येऊन तिला कवळ घालून धरते, पदरानं तिचं तोंड पुसते, "बास बाई, उगी आता," म्हणते आणि पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाला लावते. मग ती थांबते. आपली आपण थांबली तर लोक म्हणतात, हिला काही वाटलंच नव्हतं. आणि कुणी थांबवायलाच आलं नाही तर त्याच्यासारखी दुसरी नाचक्की नाही. तुझ्या दुःखाला माणूस नाही, असा त्याचा अर्थ होतो.

आक्काला एकच मुलगा होता, नागसेन. मिरजेच्या एका दवाखान्यात तो वॉर्डबॉय होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो माणसं आत नेत होता आणि मयतं बाहेर आणत होता. मग एक दिवस तोच आत गेला. अंत्यविधी तिकडंच झाला. तेव्हा नियमच तसा होता, त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. मी मिरजेत असून मला स्मशानाच्या कंपाउंडबाहेरून फक्त धूर दिसला. आक्काला तर वस्तीवरून निघताच आलं नाही. घरातल्या घरात ती रडायला बसली, तेव्हा दीर म्हणाला, "वैनी, आवाज काढू नगा. घरात रोग हाय म्हणत्याल, पाण्याला बी जाऊ देणार न्हाईत." तिनं तोंडात पदर कोंबला. पुढं रस्ते उघडल्यावर पैपाहुणे आले, तिच्या गळ्यात पडून रडले. पण ते भेटीचं रडणं झालं. पोराच्या उशाशी बसून, त्याला ऐकवून जे रडायचं असतं, ते राहिलं.

"आण्णा, दुसऱ्यांच्या पोरास्नी सुरात घालीवलं," ती मला म्हणायची, "आन् माज्याला मुक्यानं."

वर्ष सरलं तरी हे बोलणं सरलं नाही. वस्तीवर कुणी वारलं की ती पहिल्यासारखी जाऊन रडायची. पण तिथून आल्यावर जेवायची नाही. तिची धाकटी जाऊ शालूबाई ताट वाढून आणायची आणि तसंच परत न्यायची.

अशात उदयसिंह आला. हा दिग्दर्शक कराडचा. घरची कृष्णाकाठची बागायत, शिक्षण पुण्यात, वय पस्तिशीच्या आत, बोलायला अत्यंत गोड. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. वाईट असता तर त्याला शिव्या देऊन मी मोकळा झालो असतो. त्याला सिनेमासाठी एक आई पाहिजे होती. जतच्या स्टँडवर त्याला आक्का दिसली. त्याच्या गाडीच्या काचा बंद, आत एसी चालू. आक्का पायरीवर बसून कुणाशीतरी तावातावानं बोलत होती म्हणे. त्याला बोलणं ऐकू आलं नाही, चेहरा तेवढा दिसला. हे त्यानं मला स्वतः कौतुकानं सांगितलं.

"त्या चेहऱ्यात अख्खा दुष्काळ होता, आण्णा."

मी म्हटलं, "कंडक्टरशी भांडण असेल." तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

सिनेमाची गोष्ट एवढीशी होती. एका बाईचा तरणा मुलगा मरतो आणि ती जगत राहते. संपलं. आक्कानं आधी नाहीच म्हटलं. "मला कशाला रं शिनेमा? शेळ्या कोण राखंल?" उदयसिंह रोज येऊन ओसरीवर बसायचा, तिच्या हातची भाकरी खायचा. एकदा गोष्ट ऐकता ऐकता तिनंच विचारलं, "ते पोरगं मरतंय म्हणताय, मग त्याला अंगणात आणत्यात का?"

"हो मावशी. अंगणात ठेवलेलं असतं."

"आन् मी त्याच्या उशाला बसते?"

"हो."

"आन् रडते?"

उदयसिंह जरा घुटमळला. मग म्हणाला, "तुम्हाला त्या वेळी वाटेल ते करा."

आक्का तिथल्या तिथं तयार झाली. अट एकच घातली, आण्णा बरोबर पाहिजे. म्हणून फोटो काढायच्या निमित्तानं मलाही घेतलं. मला बाजूला बोलावून तिनं विचारलं, "शिनेमात एकदा गेलं की ऱ्हातंय न्हवं रं? पुसत न्हाई न्हवं?"

"ऱ्हातंय," मी म्हटलं.

"मग माज्या नागसेनचं ऱ्हाईल," ती म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

थंडीत शूटिंग सुरू झालं. रोजची सूचना एकच असायची, "मावशी, काही करू नका." आक्का चुलीपुढं बसली की चुलीशी बोलायची, लाकूड ओलं निघालं तर लाकडाच्या आईबापाचा उद्धार करायची. उदयसिंह म्हणायचा, "बोलू नका. फक्त बसा." ती शेळीला हाक मारायची. "हाक नको." आता हाक मारल्याशिवाय शेळी कशी येणार? शेळी आली नाही. उदयसिंहला ते फार आवडलं. त्यानं ती न आलेली शेळीच सिनेमात ठेवली.

चहा पिता पिता मी एकदा त्याला म्हटलं, "साहेब, आमच्याकडच्या बायका एवढ्या गप्प नसतात."

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण रडणारी, बोलणारी बाई दाखवली की प्रेक्षक तिच्याबरोबर रडतो आणि मोकळा होऊन घरी जातो. मला त्याला मोकळा सोडायचा नाही. म्हणून मी काढत जातो. संवाद काढतो, संगीत काढतो, अश्रू काढतो. जे उरतं ते खरं."

वाक्य चांगलं होतं. पुरतं खोटंही नव्हतं. पाठवणीच्या व्हिडिओला मी सनई लावली की ज्यांना नवरीचं नाव माहीत नाही तेसुद्धा डोळे पुसतात, हे मी रोज बघतो. अशी फुकटची आसवं कुणी नाकारली तर मी त्याच्या बाजूचा. पण भाजीत मीठ बेतानं घालणं निराळं आणि भाजीच न वाढता रिकाम्या ताटाचं कौतुक करणं निराळं. त्या माणसाला आक्काचं कोणतं मीठ आणि कोणती भाजी हे ठाऊक करून घ्यायची गरज कधी वाटली नाही. कमी दाखवायचं तर आधी सगळं बघावं लागतं. यानं गाडीच्या काचेतून बघितलं होतं.

मग तो मयताचा प्रसंग आला. मेलेल्या मुलाचं काम पुण्याच्या शिवतेज नावाच्या पोराकडं होतं. गुणी पोरगा, आक्काला चुलीतली राख काढून द्यायचा. तो अंगणात निजला, पांढरं फडकं हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. आक्का त्याच्याकडं बघत राहिली. मग उदयसिंहला म्हणाली, "सायेब, मी माज्या पोराचं नाव घितलं तर चालंल का?"

"घ्या की मावशी. मनातलं सगळं बोला. आज मी अडवणार नाही."

कॅमेरा ओढ्यापलीकडच्या माळावर होता, बराच लांब. त्याच्याबरोबर आवाजवालाही वर गेलेला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आक्काच्या पोलक्याला रोज एक बारका माइक लावायचे, तो आजही असेल असं मी धरून चाललो. वस्तीवरच्या बायकांना घराच्या मागं बसवलं होतं आणि ताकीद दिली होती, अंगणात कुणी यायचं नाही. चित्रात आई आणि मुलगा, बास. तिसरं माणूस नको.

शालूबाईनं तिथं राखण करणाऱ्या, उदयसिंहच्या मदतनीस मुलीला विचारलं, "आवं, पर तिला धरायला कोण जायाचं?"

"धरायचं नाही, काकू. सरांना तिथं फक्त त्या दोघांना ठेवायचंय."

आक्का उशाशी बसली. मग तिनं शिवतेजच्या कपाळावर हात ठेवला आणि सुरू झाली.

"माज्या नागसेना रं, उठ की रं बाळा. तुला श्यापू आवडत न्हाई ठावं आसून म्या तुज्या डब्यात श्यापू घातली रं, तू घासभर बी टाकली न्हाईस रं माज्या लेकरा. आईला चष्मा आणलास रं, तुला बघायला आणलास, मला तुजा धूर बी दिसला न्हाई रं. लोकांची मयतं ढकलून ढकलून तुजं हात सोललं रं, कुणाची बी आई न्हवती तितं, तू त्यास्नी हाक मारलीस रं नाव वाचून. तुला कुणी मारली रं हाक? लोकास्नी खांदा दिलास रं राजा, तुला चौघं मिळालं न्हाईत रं."

मी कॅमेरा खाली ठेवला. घरामागं एकजात सगळ्या बायका रडत होत्या. नागसेन आयसीयूतून निघालेल्या बेवारशी मयतांना चिठ्ठीवरचं नाव वाचून हाक मारायचा, हे मला माहीत नव्हतं. माझ्याच गावात तो काम करत होता.

आक्का रडत राहिली. मधे मधे ती मागं बघायची. नियमाप्रमाणं आता कुणीतरी यायला हवं होतं. कुणी आलं नाही. मग ती पुन्हा पहिल्यापासून धरायची, नागसेनचा जन्म, त्याची शाळा, त्याचं लाजणं. पुन्हा मागं बघायची. शालूबाई दोनदा उठली, दोनदा त्या मुलीनं तिला हात जोडून बसवलं. शेवटी आक्का थांबली नाही, तिचा आवाजच संपला. ओठ हलत होते आणि बाहेर काही येत नव्हतं. तेव्हा कुठं माळावरून निरोप आला की झालं. शालूबाई धावत गेली.

उदयसिंह ओढा ओलांडून आला. त्याचे डोळे भरले होते. तो आक्काच्या पाया पडला. पुढचे कितीतरी दिवस आक्काला घोगऱ्या आवाजानं आणि खुणांनीच बोलावं लागलं, पण ती खुशीत होती. "कुणी धरलं न्हाई, ते एक वंगाळ झालं," ती म्हणाली. "पर बाह्यार पडलं, आण्णा. आता जगाला कळंल कसा हुता."

त्यानंतर वर्षभर ती ज्याला त्याला सांगत सुटली. रेशनच्या दुकानात, बाजारात, एसटीत. माझ्या नागसेनचा शिनेमा येणार हाय. लोक चेष्टा करायचे, "पारूबाई, आता फोटुला पैशे घेशील गं." ती म्हणायची, फोटोचं काय, आवाज ऐका म्हणजे कळंल.

बक्षीस मिळाल्यावर आमच्या फिल्म क्लबनं सांगलीत खेळ ठेवला. रविवारी सकाळी. आक्का आणि शालूबाई आदल्या दिवशीच माझ्याकडं मिरजेला आल्या. आक्का नवं लुगडं नेसली होती. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. सभागृह भरलं होतं. प्राध्यापक, डॉक्टर, नाटकवाली मंडळी, सगळी जाणती माणसं. मी त्यांच्यातलाच एक, दर महिन्याला त्यांच्या शेजारी बसणारा.

सिनेमा सुरू झाला. आक्का चुलीपुढं बसलेली. आक्का ओसरीवर बसलेली. शेळी न येणारी. सुंदर चित्रं होती, धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. मग तो प्रसंग आला. माळावरून घर काडेपेटीएवढं दिसत होतं. अंगणात एक पांढरा ठिपका, त्याच्याशेजारी एक गडद ठिपका. आणि वारा. नुसता वारा. गडद ठिपका मधेच जरा हलायचा. आक्का मागं वळून बघत होती तेव्हाचं ते असणार, पण ते फक्त आम्हाला तिघांना कळत होतं.

ती माझ्या कानाशी आली. "आण्णा, आवाज लावला न्हाई व्हय त्यांनी? मशीन बिघडलं का?"

"असंच आहे, आक्का."

"फुडं लावत्याल?"

मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, "काय संयम आहे." वारा वाहतच राहिला. मग एकदम पुढचं चित्र आलं, आक्का उंबऱ्यावर बसून चहा पितेय. शेवटी नावं वर सरकू लागली तरी ती पडद्याकडं डोळे लावून बसली होती. दिवे लागले तेव्हा म्हणाली, "संपला?"

मग उदयसिंहशी गप्पा झाल्या. एका प्राध्यापकांनी त्या दीर्घ दृश्याबद्दल विचारलं. उदयसिंह म्हणाला, "आमच्या भागातली बाई दुःखाचं प्रदर्शन करत नाही. मौन हीच तिची भाषा आहे. मी फक्त त्या मौनाच्या आड आलो नाही." कराडच्या उसातल्या माणसानं जतला आमचा भाग म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. शालूबाई मला म्हणाली, "कोण गप ऱ्हातंय म्हणतोय ह्यो?"

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी आक्काला मंचावर बोलावलं. टाळ्या झाल्या. माइक तिच्या हातात दिला, "मावशी, दोन शब्द."

आक्का उदयसिंहकडं वळली. "सायेब, माजा त्या दिशीचा आवाज कुटं ठिवलाय? त्यो मला द्या."

सभागृहात कौतुकाचं हसू पसरलं. उदयसिंह फार मायेनं म्हणाला, "मावशी, तो घेतलाच नव्हता. माइक माळावर होता. मला वाऱ्याचा आवाज पाहिजे होता. तुमच्या आवाजाची गरजच पडली नाही, एवढं तुमचं बसणं बोलत होतं."

यावरही टाळ्या पडल्या. मी त्याच्याकडं बघत होतो. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. आपण या बाईला मोठा मान देतोय असंच त्याला वाटत होतं, आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली ती त्यामुळंच.

"घितलाच न्हाई," आक्का म्हणाली. माइकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं. "बरं. मग आता घ्या."

ती मंचावर, गप्पांसाठी मांडलेल्या दोन खुर्च्यांच्या मधे, खाली बसली. माइक मांडीवर ठेवला. समोर कुणी निजलेलं नव्हतं. तिनं फरशीवर हात ठेवला आणि हेल काढला.

"माज्या नागसेना रं."

या माणसांनी असलं कधी ऐकलं नव्हतं. शेपूची भाजी, चष्मा, चिठ्ठीवरची नावं. आवाज त्या दिवसापेक्षा खरखरीत होता, वरच्या पट्टीत फाटत होता. लोक पुढं झुकून ऐकत होते. "लोकास्नी खांदा दिलास रं राजा," असं म्हणून ती श्वास घ्यायला थांबली.

आणि टाळ्या सुरू झाल्या. त्यांना वाटलं संपलं. आधी मागून, मग सगळीकडून, मग एकेक जण उभा राहायला लागला. आक्कानं मान वर केली. पुढची ओळ तोंडात होती. ती तिनं म्हटली, पण टाळ्यांत कुणाला ऐकू गेली नाही. मग तिनं मागं बघितलं, कुणी धरायला येतंय का. शालूबाई पायऱ्यांपर्यंत पोचली होती. एका स्वयंसेवकानं तिला अडवलं, "मावशी, जरा थांबा, फोटो चाललेत." मी पाण्याची बाटली घेऊन उठलो, पण पहिली रांग सगळी उभी, वाट मिळेना. क्लबचे अध्यक्ष पुढं आले. त्यांनी आक्काला दंडाला धरून उठवलं, तिच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. तिला वाटलं असावं, हेच धरायला आलेलं माणूस. ती त्यांच्या तोंडाकडं पाणी मिळेल म्हणून बघत होती. अध्यक्ष फोटोवाल्याकडं बघत होते.

घरी येईपर्यंत ती तो नारळ मांडीवर धरून बसली होती. मी गाडी चालवत होतो आणि मनात त्या सगळ्या जाणत्या माणसांना शिव्या घालत होतो. त्यातली अर्धी माझी मित्रमंडळी आहेत. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांना सांगत आलो, की थोडक्यात दाखवलं तर माणूस जास्त बघतो. आणि तिथं एक बाई सगळं सांगत होती तर एकालाही ते खरं आहे असं वाटलं नाही. त्यांना तो अभिनय वाटला. मौन असतं तर त्यांनी खरं मानलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. आक्का चहा पीत होती. "वाच," म्हणाली.

मी वाचलं. खेळाला रसिकांची उत्स्फूर्त दाद. दिग्दर्शक उदयसिंह यांनी मौनाचं सौंदर्य उलगडलं. पारूबाईंनी मंचावर उत्कट अभिनय सादर करून उपस्थितांना भारावून टाकलं. मृत मुलाच्या भूमिकेतील शिवतेज यांचंही विशेष कौतुक झालं.

"आन् नागसेनचं?"

"न्हाई."

"वरल्या अंगाला बघ, मोठ्या अक्षरात आसंल."

मला माहीत होतं, तरी मी वर बघितलं, खाली बघितलं, पान उलटून बघितलं. "न्हाई, आक्का."

तिनं कप खाली ठेवला.

"मेल्याचं सोंग घेऊन निजल्यालं पोरगं पेपरात आलं," ती म्हणाली, "आन् माजं मेल्यालं ऱ्हायलं." मग तिनं शालूबाईला पिशवी भरायला सांगितलं.